तिवरांतला लाजरा पक्षी

कोपरच्या खाडीवर एक पक्षी आहे, जो कुठल्याच पुस्तकात सापडायचा नाही. माझ्या नातीने, क्षिप्राने, तो शोधला. आम्ही वर्तकनगरचे, पण सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून ही पोरगी उजाडता उजाडता खाडी गाठते. त्या रविवारी तिवरांतून आवाज आला — ट्विक्... ट्विक्-हुप्. श्वास रोखून, चिखल तुडवत ती झुडपामागे गेली, तर समोर... इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण. त्याचा डावा खांदा उडाला. पुन्हा ट्विक्.

"माझा पक्षी उडवलात तुम्ही," ती म्हणाली.

"सॉरी... पक्षी मीच आहे."

त्याचं नाव केदार. लहानपणापासून टिक्सचा त्रास. आवाज आपोआप निघतो, खांदा आपोआप उडतो. शिंक दाबावी तसं थोडा वेळ दाबता येतं, पण मग अंग आंबून जातं. आठवडाभर ऑफिसात दाबायचं आणि रविवारी इथे येऊन मोकळं व्हायचं.

"इथे कोणी वळून बघत नाही," तो म्हणाला.

"मी बघितलं की."

"तुम्ही दुर्बिणीतून बघितलंत. ते चालतं."

"मग माझी नोंद ऐका हां. नर. एकटा. लाजरा... शर्ट बरा आहे."

केदार कानापर्यंत लाल झाला.

पुढचे रविवार मग त्या दोघांचेच. तुम्हीचं तू झालं. धुक्यात तो दिसायच्या आधी ऐकू यायचा आणि तिची पावलं आपोआप झपझप पडायची. आपोआप होणाऱ्या गोष्टी काय एकट्या केदारलाच होतात? थंडी सरता सरता तर तिथला एक बगळासुद्धा खांदा उडवायला लागला. मी स्वतः पाहिलंय. पाहिलं नसेल तर ऐकलंय.

मग केदारने आमच्या घरी यायचं ठरलं. क्षिप्राने आधीच बजावलं, "आमच्याकडे दाबून बसायचं नाही."

"थोडाच वेळ गं. तुझे बाबा हो म्हणेपर्यंत."

"आणि नंतर? माझ्यासोबतही जन्मभर श्वास धरून बसणार? तसं असेल ना, तर... येऊच नको."

तो आला आणि दाबूनच बसला. फोटोला बसावं तसा. मानेच्या शिरा ताठ, उत्तरं एकेका शब्दाची. क्षिप्राने त्याच्याकडे बघणंच सोडलं. शेवटी मी येऊरच्या वाघाची गोष्ट काढली, जी घरात सगळ्यांना पाठ आहे. मी सायकलवर, डब्यात सुकट, मागून वाघ... वाघाने कॅरियरवर पंजा ठेवला, इतक्यात —

ट्विक्. खांदा उडाला, बशी उडाली आणि सगळा चिवडा माझ्या मुलाच्या, म्हणजे क्षिप्राच्या बाबांच्या, मांडीवर.

केदार उठायलाच लागला.

"बस रे," मी म्हटलं. "वाघ अजून गेलेला नाही."

मुलाने मांडीवरचा एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "अण्णांचा वाघ कधीच जात नाही," तो म्हणाला. "बस निवांत. चिवडा आणखी आहे."

केदार बसला. मग गोष्ट संपेपर्यंत ट्विक्-हुप् चालूच होतं. कोणी वळून बघितलं नाही. क्षिप्रा तेवढी बघत होती... दुर्बिणीशिवाय.

निघताना जिन्यात तो तिला म्हणाला, "मला आता रविवार पुरत नाही."

"मग?"

"सोमवार, मंगळवार... सगळेच हवेत. तुझ्याबरोबर."

"आवाजासकट?"

"आवाजासकट."

"मग ये."

हे मी दाराआडून ऐकलं. म्हातारपणी कान आपोआप लागतात.

आता लग्न करून दोघं आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. ट्विक् अजून आहे, राहील. दाबणं मात्र सुटलं. ऑफिसातही त्याने सांगून टाकलं. सकाळी चहाच्या वेळी वरून तो आवाज आला की मी देवाला हात जोडतो, आणि त्या तिवरांनाही. त्यांनीच तर आमचा पोरगा इतके दिवस सांभाळला.

परवा एक बगळा आमच्या गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसला होता. खांदा उडवत वरच्या मजल्याकडे बघत होता. मी म्हटलं, बरा आहे हो तो. मगच उडाला.