एकतिसावी खाट

पाच मिनिटांत येतो म्हणालेल्या मोठ्या डॉक्टरांचा पस्तीस मिनिटं झाली तरी पत्ता नव्हता, आणि तेवढ्यात वॉर्डासमोरच्या व्हरांड्यात भिंगरीच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या. लिफ्टसमोर चांगला ऐसपैस लाकडी बाक होता. पण स्वस्थ बसेल ती भिंगरी कसली! घरच्यांनी तिला ते नाव काही उगीच ठेवलं नव्हतं.

बारावी फेरी सुरू झाली, आणि कुणीतरी तिच्या हातात एक सुरकुतलेला हात ठेवला.

"तुम्ही चालताच आहात, तर आजींनाही घेऊन चला."

तिने दचकून पाहिलं. समोर निळ्या सदऱ्यातला एक उंच माणूस, गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच, बाकी सगळा थाट कवायतीच्या मास्तरांचा. आणि शेजारी पोटावर हात धरून उभ्या, रागावलेल्या आजी.

"अहो, पण मी यांची कुणीच नाही..."

"मग आता व्हा. काल संध्याकाळी ऑपरेशन झालंय. वीस पावलं. आजी, मोजायची!"

"हा मेला काल गुंगी उतरायच्या आत उठवायला आला होता," आजी म्हणाल्या. "चल गं बाई. नाहीतर तिसावर नेईल."

वीस पावलं झाल्यावर भिंगरीने आपलं ओळखपत्र दाखवलं, तेव्हा मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे ते देशभराचं जाळं... त्यातल्या तुम्ही?"

"त्यातलीच. आणि तुम्ही ज्यासाठी सगळ्यांशी भांडताय, तेच सगळ्यांना करायला लावायला आलेय."

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. संशोधक एखादी गोष्ट वर्षानुवर्षं खपून सिद्ध करतात, ती छापून येते, टाळ्या पडतात — आणि वॉर्डात मात्र जुनंच चालू राहतं. कागदावरचं ते शहाणपण खाटेपर्यंत पोचवायला देशभरच्या रुग्णालयांचं एक जाळं बांधलं होतं. त्यातर्फे भिंगरी एकेका ठिकाणी जायची आणि नवी पद्धत बसवून द्यायची. या वेळची पद्धत म्हणजे पोटाच्या ऑपरेशननंतर माणसाला तीन दिवस निजवून ठेवायचं नाही. त्याच संध्याकाळी उठवायचं, दोन पावलं का होईना, चालवायचं.

"टाके मी घालतो," अखेर उगवलेले मोठे डॉक्टर सगळं ऐकून म्हणाले. "ते उसवले की बोलणीही मीच खातो. तुमचं जाळं येतं का तेव्हा?"

तरी त्यांनी मुदत दिली. मास्तर व्यायामोपचाराचे, भिंगरी जाळ्याची; दोघांनी मिळून तीस खाटांचा तो वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टरना शिकवलं, नातेवाइकांना समजावलं, प्रत्येक खाटेला पावलांचा तक्ता टांगला.

"किती दिवस आहात इथे?" दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी विचारलं होतं.

"सहा आठवडे. त्यापुढे मी कुठेच राहत नाही."

"का? चावतं का काही?"

"करमत नाही. सातव्या आठवड्यात पाय शिवशिवायला लागतात."

"सगळ्या जगाला उठवतो मी," तो हसत म्हणाला. "तुम्हाला मात्र बसवायला हवं. त्या बाकावर फक्त एक मिनिट बसून दाखवा."

मग तो रोजचा खेळच झाला. संध्याकाळची फेरी संपली की मास्तर बाकावर बसून हातातलं घड्याळ पुढे करायचे. ती बसायची आणि दहा-बारा सेकंदांत काहीतरी आठवून उठायची. कधी तक्ता राहिलाय, कधी फोन करायचाय. पण खरं कारण वेगळंच होतं. बसलं की त्याचा खांदा फार जवळ यायचा, साबणाचा ओला वास यायचा, आणि छातीत असं काही धडधडायला लागायचं की पळून जावंसं वाटायचं.

शेवटच्या संध्याकाळी पावसाची भुरभुर होती. ती बसली. खिडकीवरून थेंब ओघळत होते, आणि दोघंही त्यांच्याकडेच पाहत होती.

"चाळीस सेकंद," तो हळूच म्हणाला. "आणखी थोडं..."

"बस चुकेल," म्हणून ती उठली. वाटेत तीनदा मागे वळून पाहावंसं वाटलं, आणि तीनदा तिने स्वतःलाच दटावलं.

आता यापुढचे बारा आठवडे मौनाचे होते. जाळ्याचा नियमच तसा होता. शिकवणारा निघून गेला की बारा आठवडे त्याने वॉर्डाकडे फिरकायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. त्याच्यावाचून सवय टिकली तरच ती खरी. दहातले आठ रुग्ण त्याच संध्याकाळी चालले पाहिजेत. नाहीतर वॉर्ड जाळ्यातून बाहेर, आणि मोठे डॉक्टर सगळ्यांना पुन्हा तीन-तीन दिवस निजवायला मोकळे. तिकडून येणार ते फक्त दर सोमवारचे आकडे. ते तपासायला मुख्य कचेरीत भिंगरीच्याच टेबलावर यायचे.

पाचव्या सोमवारी संगणकाने एक ओळ लाल केली.

खाट: एकतीस. वय: बत्तीस. तक्रार: चैन पडत नाही. पावलं: शून्य. शेरा: चालायला सोबत नाही.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ओठ आपोआप हसले. वॉर्डात खाटा तीसच होत्या, आणि एकतिसावा रुग्ण कोण ते तिला विचारायची गरज नव्हती.

पण दुसऱ्याच क्षणी तिने ती ओळ पुन्हा वाचली. मूर्ख माणूस! खोटी नोंद सापडली तर सगळाच वॉर्ड बाद होऊ शकत होता. आजींची वीस पावलं, सिस्टरांची धावपळ, सगळं पाण्यात. ओळ गुपचूप पुसून टाकावी? बोट खोडायच्या बटणावर गेलंही. पण आज ही पुसली, तर उद्या आपल्या कुठल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवायचा? ती उठली, टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ प्रमुखबाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी चष्मा वर करून ओळ वाचली. मग तिला वाचलं.

"एकतर्फी आहे का हे?"

"नाही," भिंगरी म्हणाली. मोठ्याने म्हणाली तेव्हाच तिला स्वतःला कळलं. "मला तो आवडतो. फार."

"नोंद खोटी म्हणून उघड दाखवून वगळू, त्याला कडक पत्र जाईल. बाकीच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडून मुळापासून पडताळून घेऊ. पण या वॉर्डाचा एकही कागद यापुढे तुझ्या टेबलावर येणार नाही. निकालापर्यंत मौन म्हणजे मौन."

सोमवारचे आकडेही गेले. पुढचे सात आठवडे भिंगरीचा जीव टांगणीला लागला. त्याला वाटलं असेल, पत्र तिनेच पाठवलं, राग धरून. वॉर्ड टिकला असेल का? तो तरी तिथे असेल का? ती इतकी फिरली की नव्या चपलांचे तळ झिजले. "अगं, किती येरझारा घालशील?" आई म्हणायची. गंमत म्हणजे, या वेळी पायांना दुसरीकडे कुठेच जायचं नव्हतं.

बाराव्या आठवड्यानंतर बाईंनी तिच्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. दहातले नऊ. मोठ्या डॉक्टरांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: टाके उसवले नाहीत.

"टिकलेल्या वॉर्डात आता शिकवणी केंद्र निघेल," बाई म्हणाल्या. "आसपासची रुग्णालयं तिथे शिकायला येतील. एक कायमची जागा आहे. तुला काय, सहा आठवड्यांत..."

"अर्ज कुठे करायचा?" भिंगरीने विचारलं.

मास्तर एका काकांना हाताला धरून व्हरांड्यात आले, तेव्हा लिफ्टसमोरच्या बाकावर ती बसली होती. मास्तर जागच्या जागी थबकले.

"ती नोंद..." तो चाचरला. "माझ्यामुळे सगळा वॉर्ड बुडाला असता. माफी मागायचीही सोय नव्हती. मला वाटलं, तुम्ही परत तोंडही—"

"पत्र आलं त्याला कारण मीच. बाईंना मीच सांगितलं. तेही सांगितलं, आणि... दुसरंही."

"दुसरं काय?"

"एकतीस नंबरची तब्येत कशी आहे?"

"जैसे थे," तो म्हणाला. "किती आठवडे आहात या वेळी?"

"या वेळी नेमणुकीच्या कागदावर आठवड्यांचा रकानाच नाही."

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग चेहरा असा उजळला की काकांनीच विचारलं, "मास्तर, बरं आहे ना?"

"काका, तुमची पाच पावलं राहिलीत," भिंगरी म्हणाली. "ती पुरी करून घ्या. मग यांना इकडे पाठवा."

पाच पावलं झाली, काकांना सिस्टरच्या हवाली केलं, आणि तो येऊन तिच्याशेजारी बसला. खांद्याला खांदा लागला. छातीत तसंच धडधडलं. सवयीने त्याने घड्याळ पुढे केलं.

"मी आल्यापासून बावीस मिनिटं झालीत," ती म्हणाली, आणि ते घड्याळ हाताने झाकून टाकलं. हात तिथेच राहिला.