दिवेलागणीची मंडळी

जालना शहराबाहेर, मंठा रोडला, नव्या कॉलन्या जिथं संपतात तिथं कडुनिंबांच्या मागे एक जुनं चर्च आहे. गेल्या डिसेंबरात त्याची मापं घ्यायला मी गेलो होतो. छप्पर दुरुस्त करायचं तर इमारतीचा नकाशा हवा, आणि तो कोणाकडेच नव्हता, म्हणून पाळकसाहेबांनी मला बोलावलं. मी, राजानंद, नकाशे काढतो. आई गेल्यापासून घरी वाट पाहणारं कोणी नाही, त्यामुळे असली वेळखाऊ कामं मी खुशीनं घेतो.

छावणीच्या काळात गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं हे चर्च. काळ्या दगडाच्या जाड भिंती, टोकदार कमानींच्या उंच खिडक्या, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि कौलं. बाकांच्या पाठीला बंदुका टेकवायच्या खाचा अजून दिसतात. पलटण गेली, मग आसपासच्या खेड्यांतली ख्रिस्ती कुटुंबं इथं जमू लागली. आता त्यांची पोरंही पुण्याला, संभाजीनगरला. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. एरवी तिथं फक्त मालनबाई. घंटा वाजवणारे त्यांचे मालक कधीच वारले. त्या मागच्या खोलीत राहतात, आणि रोज दिवेलागणीला आत जाऊन एकट्याच मोठ्यानं प्रार्थना म्हणतात.

“मावशी, ऐकायला तर कोणीच नसतं,” मी एकदा म्हणालो.

त्या नुसत्या हसल्या. “तुम्ही मापं घ्या, सर.”

त्या दिवशी दुपारी त्या कपाळ दाबत आल्या. “डोकं गरगर करून राह्यलं. दवाखान्यात जाऊन येते. प्रार्थनेच्या टायमाला येते बराबर. आन् न्हाईच आले...”

“तर?”

“तर तुम्ही आतच थांबा. ते आल्यावर कोणी नसलं, तर वाईट वाटतं त्यांना.”

कोणाला, हे विचारेपर्यंत त्या रिक्षात बसल्या होत्या.

मी कामाला लागलो. ऊन खिडक्यांवरून हळूहळू वर सरकत कैच्यांपर्यंत गेलं आणि विझलं. आत चुन्याचा आणि वटवाघळांचा वास होता. वायरिंग जुनी, दिवे बंदच. वेदीपाशी टेप गुंडाळताना तिचा आवाज त्या पोकळीत एवढा मोठा वाटला, की मी हात थांबवला.

तेव्हा मागचा बाक करकरला.

लाकूड आहे, थंडीनं आवळतं, मी मनाशी म्हणालो. मग त्याच्या पुढचा करकरला. मग पलीकडचा. माणसं येऊन सावकाश टेकावीत तशी एकेका बाकाची करकर माझ्याकडे सरकत होती. खोबरेल तेलाचा वास आला, पेटीत ठेवलेल्या लुगड्यांचा वास आला. कोणीतरी खोकलं. शेवटी माझ्यासमोरचा, अगदी पुढचा बाक दबला... बराच वेळ दबत राहिला.

मग सगळं शांत झालं. बाक रिकामे दिसत होते, पण ती शांतता रिकामी नव्हती. कोणीतरी सुरुवात करायची वाट पाहावी, तशी ती होती.

दार त्यांच्या पलीकडे होतं. ख्रिस्ती प्रार्थना मला एकही येत नाही. लहानपणी आई संध्याकाळी विहारात घेऊन जायची, तिथली वंदना तेवढी पाठ. मी तीच म्हणायला लागलो. पहिली ओळ संपली, श्वास घ्यायला थांबलो, आणि समोरून खूप माणसांचा एकत्र, दबका आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण माझ्या ओळीला दिलेलं उत्तर होतं ते. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांनी काय केलं असतं, कोण जाणे. म्हणता म्हणता भीतीच्या खाली काहीतरी हललं. आई गेल्यावर इतक्या माणसांत मी बसलोच नव्हतो.

वंदना संपली तेव्हा बाहेर रिक्षा थांबली. मी भिंतीला चिकटत, मधल्या वाटेवर पाय न ठेवता बाहेर पळालो.

मालनबाईंनी माझा चेहरा पाहिला. “आल्ते का?”

मी मान हलवली.

“भिऊ नका. मागं बसतात, ऐकतात, जातात. रोजचंच हाय.”

“मागंच नाही, मावशी. पुढच्या बाकावरही बसले.”

त्यांच्या हातातली गोळ्यांची पिशवी खाली पडली. “पुढच्या?... बिलकुल न्हाई. तो मोकळाच असतो. कोणी वारलं, की तिथं मयताच्या घरचे बसतात.”

आम्ही दोघं पायरीवर उभे होतो. कॉलनीतले दिवे लागले होते, पण लांब.

“माझ्या घरचं तर कोणी उरलं न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्या?”

“माझ्याही नाही.”

तेवढ्यात आतून, अंधारातून, एका बाईचा दाबून धरलेला हुंदका आला. मग दुसरा. कोणीतरी तिला समजावत होतं.

मालनबाईंनी माझा दंड घट्ट धरला. “सर... हा आवाज मला वळखीचा वाटून राह्यला.”

मलाही तो ओळखीचाच वाटत होता. माझी आई अशीच दाबून रडायची.