रिकामी गाडी

दिवा राहू दे तसाच, मंद. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. ही गोष्ट माझ्या मावसभावाची, दादाची. बस चालवायचा. थापा मारणारा माणूस नव्हे. उलट खरं ते तोंडावर बोलायचा, म्हणून बढती कधी मिळाली नाही.

मार्चमधला गुरुवार, चंद्र नसलेली रात्र. शेवटची फेरी संपवून दादा रिकामी बस डेपोत परत नेत होता. कंडक्टर वाटेतच आपल्या घराशी उतरला होता. पुढच्या सीटवर ऑफिसातले साहेब होते. त्यांची मोटार बंद पडली, म्हणून नाइलाजानं बसमध्ये चढले होते.

दादाचं डोकं त्या साहेबांवरच फिरलेलं होतं.

हमरस्त्यापासून आत एक लहान गाव. आधी तिथं दिवसाला चार गाड्या जायच्या, दादाही न्यायचा. मग दोन. मग एक, तीही आली तर आली. कंटाळून लोक शहरात गेले, घरांना कुलपं लागली. मग साहेबांनी सही ठोकली, गावात माणसं उरली नाहीत, गाडी रिकामी धावते, बंद करा. दादा साहेबांच्या केबिनमध्ये घुसून ओरडला होता, "गाडी येईना म्हणून माणसं गेली, आणि आता माणसं गेली म्हणून गाडी बंद?"

"तू तुझं स्टिअरिंग सांभाळ," साहेब म्हणाले होते.

महिनाही झाला नसेल, तिथल्या सुताराची सून अडली. खाटेवर घालून तिला फाट्यापर्यंत आणली. रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवले. पहाटे ती गेली. पोटातलं बाळही.

दादाला हे कळलं होतं त्याच गुरुवारी.

फाटा जवळ आला तसं त्याला राहवलं नाही. "सुताराची सून इथंच गेली, साहेब."

"वाईट झालं रे. पण एका बाईसाठी काय अख्खी गाडी..."

टण्ण.

मागची घंटी. एकदा वाजली म्हणजे थांबा.

दादाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. साहेबांनी वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. दार उघडलं. गाडी किंचित दबली... पायरीवर कुणी चढावं तशी. मग पुन्हा. मग पुन्हा.

"कोण आहे रे?"

गाडी दबतच गेली.

टण्ण टण्ण. चला.

दादानं गिअर टाकला. इंजिन कण्हलं. चढ नसताना.

त्यानं आरशात पाहिलं.

सगळ्या सीटा भरलेल्या. मधे माणसं उभी. गाव सोडून गेलेली, शहरात मेलेली... दादा एकेकाला ओळखत होता. सगळे साहेबांकडे बघत होते.

दादा मला म्हणाला, भीती वाटायला हवी होती. पण मस्तकात संतापच भडकला.

"मागं बघा, साहेब! मोजा! रिकामी आहे का गाडी? मोजा ना!"

साहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. हात कानांवर.

डेपोच्या अलीकडे दवाखाना. फाटकाशी आले...

टण्ण.

दादा थांबला. दार उघडलं. पायरीवर पाऊल वाजलं. जड. सावकाश. एकच बाई उतरली असावी. दादानं पाहिलं नाही.

मग डेपो. दिवे. गाडीत कुणी नाही. साहेबांना डेपोतल्या दोघांनी धरून उतरवलं, ते पुन्हा कामावर आलेच नाहीत. गावाची गाडी म्हणाल, तर अजून बंदच आहे. नव्या साहेबांनीही तेच कारण सांगितलं. निर्लज्ज!

पण ती बस... मेकॅनिकनं तिच्या मागच्या चाकांवरचे, भार पेलणारे स्प्रिंगचे पाटे बदलले. दोनदा. काही फरक नाही. आजही डेपोच्या कोपऱ्यात उभी आहे. जाऊन बघा. आत चिटपाखरू नाही, आणि गाडी मागून पार दबलेली.