एवढा एक प्रकल्प

नागपुरातल्या एका सल्लागार कंपनीच्या प्रयोगशाळेत अन्विता देवतळे पडद्याकडे बघून पार चक्रावली होती. कंपनीतल्या दोनशे चौदा माणसांची प्रतिमनं, म्हणजे त्यांच्या मनांच्या संगणकात उतरवलेल्या हुबेहूब नकला, एकजात राजीनामा देऊन मोकळी झाली होती. तेही चाचणीच्या एकोणिसाव्या दिवशी! त्यात तिचंही प्रतिमन होतं.

आणि खरी माणसं? रविवारचे फोन, रद्द झालेल्या रजा, थंडगार डबे यांवरून दिवसभर कुरकुरायची. पण सहा वर्षांत एकानेही खुर्ची सोडली नव्हती. अन्विता कर्मचारी विभागाची प्रमुख, त्यामुळे ही रडगाणी रोज तिच्याच टेबलावर यायची. तिची स्वतःची रजाही तीनदा पुढे गेली होती. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला वर्ध्याला जायचं होतं.

"यंत्र बिघडलंय का हो, डॉक्टर?"

"मुळीच नाही," प्रतिमनाचे जनक डॉ. पोफळी म्हणाले. "मन तुमचंच. त्याला आपण कंपनीतले दिवस भराभर जगायला लावतो. इथे खरोखर घडतं तेवढंच देतो, पदरचं काही नाही."

"मग मी अजून इथे कशी?"

पोफळींनी नोंदी पुन्हा चाळायला घेतल्या.

तेवढ्यात मालक कस्तुरे तर्रीपोहे घेऊन आले. दर शुक्रवारचा रिवाजच होता तो. "घ्या, गरम आहेत. एवढा एक प्रकल्प संपू द्या, मग सगळे निवांत!" असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. अन्विताला नेहमीसारखंच बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचंच तिला नवल वाटलं.

"डॉक्टर, हे वाक्य प्रतिमनाला दिलंय?"

"नाही. निवांतपणा कधी घडलाच नाही, म्हणून वगळलं."

"घाला. दर शुक्रवारी."

पडद्यावर एकोणिसावा दिवस गेला. वर्ष गेलं, सहा वर्षं गेली. तिचं प्रतिमन थेट तीस वर्षांनी निवृत्त झालं.

"जमलं की!" पोफळी खूश झाले. "आता अगदी तंतोतंत जुळतं."

अन्विता शेवटच्या वर्षाच्या नोंदी वाचत होती. त्यात तिचाच रजेचा अर्ज होता: आईच्या मोतीबिंदूसाठी दोन दिवस. शेरा होता, प्रकल्प संपल्यावर.

आई आताच एकाहत्तर वर्षांची होती. इतकी वर्षं ती वाट कशी बघणार? पोहे तसेच ठेवून तिने पर्स उचलली.

"अहो, कुठे निघालात?" पोफळी गोंधळले. "तुमचं प्रतिमन तर शेवटपर्यंत थांबलं!"

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच निघाले."