साठपट, त्यातलं खरं किती?

मंगोलियातल्या एका तळ्याकाठी चार वर्षांपूर्वी मेलेला हंस पैठणच्या शिवारात हरभरा कसा खाईल?

हा प्रश्न कृत्तिका बनसोडेला कुणी कोडं म्हणून घातला नव्हता. तिच्यावरचा आरोप म्हणून तो आला होता. पक्षी-नोंद केंद्राचं पत्र तिने तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी मोठ्याने. मालूआत्याला ऐकू जावं म्हणून.

“‘आपण पाठवलेल्या छायाचित्रातील पट्टकादंब हंसाच्या गळपट्टीवर ८८८ हा क्रमांक आहे. सदर पक्षी चार वर्षांपूर्वी मंगोलियात मृत झाला असून त्याची गळपट्टी आमच्या संग्रहात आहे. सबब निरीक्षक कृ. बनसोडे, इयत्ता सातवी, यांची नोंद अविश्वासार्ह ठरवण्यात येत आहे. दहा दिवसांत पुरावा न आल्यास शाळेचे नाव निरीक्षक यादीतून वगळण्यात येईल.’ सबब! आत्या, ऐकलंस? सबब मी खोटारडी!”

“ऐकलं. ओरडू नकोस, खालच्या मजल्यावरही ऐकलं असेल.”

“मग ऐकू देत! मी स्वतः बघितलाय तो हंस. पहाटे पाचला उठून, थंडीत कुडकुडत. ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा नाही, की बाई गं, तुझं काय म्हणणं आहे?”

मालूआत्या ही कृत्तिकाच्या वडिलांची आत्या. तीस वर्षं तिने दुर्बिणींची भिंगं घासली होती. केसाच्या हजाराव्या भागाइतका उंचवटाही तिच्या हाताखालून सुटत नसे. राग आला की बाकीचे लोक भराभर बोलतात. मालूआत्या सावकाश बोलायला लागे. आता ती फारच सावकाश बोलली.

“तो फोटो भिंतीवर लाव.”

कृत्तिकाने भिंतीवरच्या पडद्याला हुकूम दिला. फोटो झळकला. जायकवाडीच्या जलाशयाचं पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात लोक हरभरा पेरतात. त्या गाळपेऱ्यात हंस उभा होता. पांढरं डोकं, डोक्यावर दोन काळे पट्टे, गळ्यात हिरवी पट्टी. हंस हिमालय ओलांडून कुठून कुठे जातात ते कळावं म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या गळ्यात अशी हलकी पट्टी अडकवतात. पट्टीवर इंग्रजी वळणाचे तीन ठसठशीत आकडे होते. आठ, आठ, आठ.

“सुरेख आहे,” आत्या म्हणाली. “जरा जास्तच सुरेख. मानेवरचं हे पीस बघ. आता हे दुसरं. आणि हे खालचं.”

कृत्तिकाने पाहिलं. तिन्ही पिसांवर तोच बारीक दुभंग होता, त्याच जागी.

“एकसारखी आहेत.”

“पाखराला छापील पिसं नसतात, कृत्ते. कोणत्या कॅमेऱ्याने काढलास?”

“शाळेच्या नव्या. खिशात मावतो तो. साठपट झूमवाला.”

“साठपट!” आत्याने खिडकीचे पडदे ओढले आणि एकाच पानाएवढी फट ठेवली. “माझा चष्मा आण. आणि ते नकाशा वाचायचं भिंग.”

खोलीत काळोख झाला. आत्याने फटीसमोरच्या भिंतीपाशी भिंग धरलं, मागेपुढे केलं, आणि भिंतीवर अचानक कॉलनीची पाण्याची टाकी उमटली. उलटी, नखाएवढी, पण रंगीत आणि लखलखीत.

“भिंग भिंतीपासून किती लांब आहे?”

कृत्तिकाने पट्टी लावली. “दहा सेंटिमीटर.”

“हे त्याचं नाभीय अंतर (दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा जिथे उमटते तिथपर्यंतचं भिंगापासूनचं अंतर). आता हा माझा वाचायचा चष्मा. याची एक काच साधारण तेवढ्याच आकाराची आहे.”

चष्मा बराच मागे न्यावा लागला, चाळीस सेंटिमीटरपर्यंत. टाकी पुन्हा उमटली. या वेळी ती चांगली बोटभर लांब होती. तिची शिडीसुद्धा मोजता आली.

“चौपट अंतर, चौपट प्रतिमा!” कृत्तिका राग विसरून म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पण ही मंद का दिसतेय?”

“तूच सांग. काच तेवढीच, म्हणजे आत येणारा उजेड तेवढाच.”

“आणि टाकी मोठी झाली. उंचीला चौपट, रुंदीलाही चौपट... सोळापट जागेत तोच उजेड पसरला.”

“म्हणून लेन्सवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. जितकं जास्त, तितकी लांबची वस्तू मोठी. दुसरी, एफ-आकडा (नाभीय अंतराला लेन्सच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागून येणारी संख्या). जितका मोठा, तितका उजेड कमी. झूम लेन्समध्ये आतली भिंगं पुढेमागे सरकतात आणि नाभीय अंतर बदलतं, इतकंच. आता खिशातल्या त्या डबीत केवढं भिंग मावेल?”

“एवढंसं.” कृत्तिकाने चिमूट दाखवली. “मग साठपट कसं होईल?”

“त्या भिंगाने घेतलेला फोटो ताणला असेल. फुग्यावर चेहरा काढून फुगा फुगवला, तर चेहरा मोठा होतो. पण आधी न काढलेली पापणी दिसायला लागते का?”

“नाही. पण यात पिसं दिसतात!”

“फळ्यावरचं नीट दिसलं नाही, तर तुमच्या वर्गात मुलं काय करतात?”

“काहीजण सरांना विचारतात. विघ्नेश मनाने लिहितो.”

“तुमचा कॅमेरा विघ्नेश आहे,” आत्या म्हणाली.

कृत्तिका हसली नाही. तिचे कान तापले होते. म्हणजे पिसं कॅमेऱ्याने मनाने लिहिली, पट्टीवरचे आकडेही मनाने लिहिले, आणि खोटारडी कोण ठरलं? ती!

दुसऱ्या दिवशी दोघी कॅमेरा घेतलेल्या दुकानात गेल्या. काउंटरवर गुणवंत नावाचा यंत्रमानव होता. त्याला नम्रतेचं अजीर्ण झालेलं असावं.

“या ताई, या आजी! साठपट कॅमेरा आवडला ना? आता नव्वदपट आलाय. खास आपल्यासाठी.”

कृत्तिकाने तोंड उघडलं, पण आत्याने तिचा हात दाबला. “भांडू नकोस. मोजमाप विचार,” ती कुजबुजली. मोजता येण्याजोग्या गोष्टीबद्दल थेट प्रश्न विचारला, तर यंत्राने खरं तेच उत्तर द्यायचं, असा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती. न विचारलेलं सांगायची सक्ती मात्र नव्हती.

कृत्तिकाने खिशातून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. “या साठपटीतल्या भिंगाच्या किती?”

गुणवंतच्या डोळ्यांतले दिवे एकदा मिचकावले. “ताई, या कॅमेऱ्याला ग्राहकांनी पाचपैकी पाच...”

“भिंगाच्या किती?”

“चार.”

“आणि उरलेल्या पंधरापटीचं काय? चार पंधरे साठ.”

“ती प्रतिमा-समृद्धी आहे, ताई.”

“समृद्धी म्हणजे मोजलेलं की अंदाज?”

“अंदाज,” गुणवंत अतिशय नम्रपणे म्हणाला.

“मग हे खोक्यावर का नाही लिहिलं?” आता कृत्तिकाला आवरणं आत्यालाही शक्य नव्हतं. “आमच्या शाळेच्या पक्षीमंडळाने वर्षभर घरोघर फिरून जुन्या बॅटऱ्या गोळा केल्या, तेव्हा कुठे नऊ हजार जमले! आणि तुम्ही आम्हाला अंदाज विकलात? मला सगळे खोटारडी म्हणतायत, नि तो डबा पाचपैकी पाच?”

दुकानातली माणसं वळून बघू लागली. गुणवंतने थोडा वेळ मालकाशी बिनतारी बोलणं केलं असावं. “ताई, मोजमाप चुकीचं समजल्यास वस्तू परत घेता येते. पूर्ण नऊ हजार. किंवा त्याच किमतीत दुसरी वस्तू.”

कृत्तिकाने पिशवीतून शाळेचा जुना डिजिटल कॅमेरा काढला. तो प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होता. त्याच्या लेन्सला आतून बुरशी लागली होती, पण बाकी तो धडधाकट होता. “याला बसेल अशी लेन्स. नऊ हजारांत.”

गुणवंतने चार लेन्स मांडल्या. कृत्तिकाने यावेळी किमतींआधी आकडे वाचले.

पहिली नवी कोरी, १८ ते ५५ मिलिमीटर. “हिच्यात अख्खा थवा मावेल,” ती म्हणाली, “पण गळपट्टी मुंगीएवढी दिसेल.” दुसरी १०० ते ३००.

“ही नको, ताई. ही फक्त तीनपट आहे,” गुणवंत म्हणाला. “ही तिसरी बघा, १८ ते २००. अकरापट!”

कृत्तिका गोंधळली. तीनशे मिलिमीटर तर दोनशेपेक्षा लांबचं. मग ती तीनपट नि ही अकरापट कशी? तिने मनात भागाकार केला आणि तिला संताप अनावर झाला.

“आत्या, हे ‘पट’ म्हणजे नुसता भागाकार आहे! मोठ्या आकड्याला लहानाने भागलेला. किती लांबचं दिसेल हे त्यावरून कळतच नाही! आणि सगळ्या खोक्यांवर तेच एवढ्या मोठ्या अक्षरात!”

“आणि मिलिमीटर कुठे आहेत?”

“खाली. कोपऱ्यात. मुंगीच्या अक्षरात.”

चौथी होती १८ ते ४००, पण ती बजेटबाहेर होती. १०० ते ३०० वर कृत्तिकाचा जीव अडकला. हंस किती जवळ दिसेल! पण शंभराच्या खाली ती येतच नव्हती, म्हणजे थवा मोजायला दुसरी लेन्स लागणार. गाळपेऱ्याच्या धुळीत लेन्स बदलायची म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात माती घालायची. शिवाय शाळेला या लेन्सने पक्षी टिपायचे, वर्ग टिपायचा, स्नेहसंमेलनही टिपायचं.

“१८ ते २००,” ती शेवटी म्हणाली. “लांबच्या टोकाला एफ-आकडा किती?”

“सहा पूर्णांक तीन.”

“म्हणजे पहाटे उजेड कमी पडेल. हात हलला तर?”

“आत कंप-रोधक आहे (हाताच्या थरथरीविरुद्ध भिंग सरकवणारी रचना). वापरलेली आहे, ताई. बाहेरून ओरखडे आहेत.”

आत्याने लेन्स उजेडासमोर धरून आरपार पाहिलं. “काच स्वच्छ आहे. ओरखडे बाहेरचे, त्यातून काही बघायचं नाहीये.” मग ती कृत्तिकाला म्हणाली, “हंस दोनशेला पुरेसा मोठा दिसणार नाही, हे ध्यानात ठेव.”

“मग मी जवळ जाईन. लेन्सला जमत नाही ते पायांनी करायचं.”

तीन पहाटा ती रिकाम्या हाताने परतली. पहिल्या दिवशी हंस बुजले. दुसऱ्या दिवशी धुकं होतं. तिसऱ्या दिवशी ती सूर्य वर येण्याआधीच घाई करून बसली आणि सगळे फोटो हलले. पत्रातल्या दहांपैकी चारच दिवस उरले होते. हंसांची तर उत्तरेला जायची चुळबूळ सुरू झाली होती.

चौथ्या पहाटे ती कडब्याच्या पेंढ्यांमागे पालथी पडून राहिली. मुंग्या चावल्या. ती हलली नाही. हंस चरत चरत साठेक मीटरवर आले, सूर्य हातभर वर आला, आणि हिरवी पट्टी दिसली. तिने लेन्स दोनशेवर फिरवली, कोपर जमिनीला टेकवले, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

घरी भिंतीवर फोटो लावला. हा काही सुरेख नव्हता. जरा करडा, जरा दाणेदार. पण प्रत्येक पीस वेगळं होतं.

“तीन,” कृत्तिकाने वाचलं. “पहिला आकडा तीन आहे, आत्या! त्या डबीने त्याचं तोंड मिटवून आठ केला. दुसरा आठ. तिसरा...”

ती थांबली. तिसऱ्या आकड्याचा खालचा अर्धा भाग नव्हताच. पट्टीचा तिथला तुकडाच तुटला होता. उरलेली कड आत वळून मानेत रुतत होती, आणि त्या जागची पिसं झडून कातडी लाल झाली होती.

“त्याला टोचतंय,” ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “आत्या, हे तेव्हाही असणार! त्या कॅमेऱ्याने तुटकी पट्टी जोडली! जखमेवर छापील पिसं चिकटवली! मी दहा दिवसांपूर्वी पाठवलेल्या फोटोत हे दिसायला हवं होतं!”

“लिही,” मालूआत्या फार सावकाश म्हणाली.

कृत्तिकाने लिहिलं. क्रमांकाच्या रकान्यात तिने ‘३८’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ‘इंग्रजी आठ आणि नऊ यांचं डोकं सारखंच असतं. खालचा भाग तुटला आहे. म्हणून मला माहीत नाही. पण पक्ष्याला जखम आहे, लवकर या. मी खोटं बोलले नव्हते. तुम्ही विचारायला हवं होतं.’

उत्तर तासाभरात आलं, आणि या वेळी ते माणसाने लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी केंद्राचे दोघंजण मऊ जाळं घेऊन आले. दोन पहाटांनी हंस जाळ्यात आला. त्यांनी पट्टी कापली, जखमेला औषध लावलं. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात पूर्ण क्रमांक होता: ३८९.

“आमच्या यंत्राने तुझी नोंद बाद केली,” त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या. “फोटो कशाने काढला, हे आम्ही विचारलंच नाही. चुकलं आमचं. ‘अविश्वासार्ह’ हा शिक्का काढलाय.”

“नुसता शिक्का काढून काय होणार?” कृत्तिका म्हणाली. “उद्या दुसऱ्या कुणाला असंच पत्र जाईल. तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. भिंगाने पाहिलेलं किती आणि अंदाज किती.”

बाईंनी आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे ओठ हसत होते. “वाढवू,” बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सकाळी हंस उठले. कृत्तिकाने दोनशेवरून त्यांच्यातला मानेवरची पिसं झडलेला, आता पट्टी नसलेला तो हंस शोधला आणि तो सापडल्यावर लेन्स सावकाश अठरावर आणली. तो थव्यात मिसळला, थवा आभाळात मावला.

नव्या तक्त्यात तिने लिहिलं: मोजलेले, एकशे बारा. शेजारी, अंदाजाच्या नव्या रकान्यात: बहुतेक एकशे तेरा.