जाऊन राह्यली

प्रिंटर दुरुस्त करणारा अकराला येणार होता, म्हणून अकराला दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात मी सरळ पेचकस दिला. त्यानं मुकाट्यानं अडकलेला कागद काढला, बोटांची शाई पुसली आणि म्हणाला, "मी राजपाल. सरकारतर्फे विद्यापीठाची आकडेवारी तपासायला आलोय."

मी रेणू, मानोऱ्याच्या कॉलेजात मुलांची माहिती भरते. लाजेनं कुठं बघावं तेच कळेना, म्हणून त्याच्याकडेच बघत बसले. डोळे फार छान होते... हे लक्षात यायला नको होतं!

"तुमच्या विज्ञान शाखेत साठ नावं आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या एकेचाळीस मुली इथं शिकतच नाहीत."

"असं कसं? ते काय त्यातलीच मंजू, लिंबाखाली बसली!"

तो गोंधळला. मी त्याहून जास्त. एकेचाळीस नावं गेली तर तुकडीच बंद. मग या पोरींना एवढ्या लांब वाशीमला कोण पाठवणार? आमच्या तांड्यावरून मानोऱ्याला यायचं तरी घरी महिनाभर भांडावं लागतं. मी भांडले आहे.

"मी स्वतः घरोघरी फोन केले," तो म्हणाला. " आयांनी सांगितलं तेच लिहिलं." त्यानं मंजूच्या घरी फोन लावला, स्पीकरवर, आणि मुलगी कॉलेजला जाते का विचारलं.

"हाव ना बापा," मंजूची आई जमनाबाई ओरडली, "पोरगी कालेजात जाऊन राह्यली!"

"ऐकलंत? दुसऱ्या गावच्या कॉलेजात जाऊन राहिली."

मला हसू आवरेना. "तुमी कुठले हो?"

"सांगलीचा."

"म्हनूनच! जाऊन राह्यली म्हंजे जाते. रोज जाते. आमी असंच बोलतो."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्या एकेचाळीस नावांची यादी कालच वरिष्ठांकडे गेली होती. आता चूक कुणाची, ते लिहून द्यावं लागणार होतं. 'कॉलेजनं माहिती चुकीची दिली' एवढं एक वाक्य लिहिलं की तो सुटला असता आणि आम्ही बुडालो असतो. तो टाईप करत होता, स्क्रीन मला दिसत नव्हता. राग त्याचा, आणि काळजीही त्याचीच... हे मला काय होत होतं?

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. 'मला वऱ्हाडी समजली नाही. चूक माझी. प्रत्येक मुलीला समक्ष भेटून खात्री करतो.'

"नोकरी जाईन ना तुमची?"

"नोटीस येईल," तो म्हणाला. "तुम्हाला... काळजी वाटते?"

"मले कायले वाटन?" मी म्हणाले, आणि रजिस्टर उलटं धरलं.

तीन दिवस तो एकेकीला भेटत राहिला, मी शेजारी बसून नावं वाचत राहिले. पोरी आमच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारायच्या. चौथ्या दिवशी तुकडी वाचल्याचं पत्र आलं. कॉलेजभर पेढे वाटले गेले आणि मला रडू येत होतं. चारला त्याची बस होती.

स्टँडवर तो म्हणाला, "रेणू, तुमचं लग्न... झालंय का?"

"हे कोन्त्या रकान्यात भरता?"

"कुठल्याच नाही."

माझे कान तापले. "नाही झालं. माह्या आईचा नंबर देऊ?"

"नको! फोनवर नको," तो दचकलाच. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. "येतो," म्हणाला आणि चढला.

येतो! निघताना सगळेच येतो म्हणतात. यातलं जाणं किती आणि येणं किती, कुणी सांगावं? मी खिडकीखाली धावले. "येतो म्हंजे काय? नीट सांगून जा ना!"

"रविवारी! तांड्यावर!" बस वळली, तसा तो अर्धा बाहेर वाकून ओरडला, "आईसमोर बसून तुला मागणार आहे!"

सगळं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं. बघेना का. चार दिवसांत पहिल्यांदाच मला सगळं कळलं होतं.