न भिणाऱ्या मासोळ्या

कळमेश्वरच्या ज्या कारखान्यात मधुसूदन केमिस्ट होता, तिथे मनाची धास्ती घालवणाऱ्या गोळ्या बनत. नाल्यात सोडलेलं सांडपाणी शुद्ध असतं हे दाखवायला फाटकाशी काचेची टाकी होती. त्याच पाण्यात मासे जगतात, बघा म्हणायचं. मधुसूदन मात्र तीन वर्षं त्या टाकीत गुपचूप बोअरचं पाणी भरत आला होता. यंदाच्या उन्हाने मासे मेले आणि तपासणी दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून भर दुपारी तो नवे मासे धरायला बादली घेऊन नाल्यावर गेला.

पाण्याला गोडसर, दवाखान्यासारखा वास होता. बादली बुडवायच्या आधीच मासोळ्या त्याच्या पायाशी जमल्या. पलीकडे बगळा उभा होता, त्याच्या चोचीपुढेही त्या निवांत थांबल्या होत्या.

"आता जाळं फेकाच लागत नाही, साहेब," काठावर बसलेली पार्वतीबाई हळूच म्हणाली. तिचं पोट मासेमारीवर होतं. "हात घातला का हातात येते. आमची नात भूमिका पण तशीच झाली. कुत्रं अंगावर आलं तरी हासून राहते... तुमी शिकलेले, सांगा ना, काहून झालं असन?"

खरं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं.

"उन्हानं असेल," म्हणत त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी टाकीच्या काचेवर टिचकी मारली. एकही मासोळी दचकली नाही. टाकीतल्या सगळ्यांची तोंडं मधुसूदनकडे होती. तो डावीकडे सरकला, त्याही वळल्या.

"तुमची सवय झालीय त्यांना," साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मधुसूदनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो वस्तीवर गेला. पार्वतीबाई नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी तांब्यात ओतत होती.

"हे पाणी पिऊ नका... काल मी खोटं बोललो. मासे, तुमची नात... सगळं आमच्या कारखान्यामुळं."

ती शिव्या देईल, तांब्या फेकून मारेल, असं त्याला वाटलं. त्याला तेच हवं होतं.

"असं का," ती शांतपणे म्हणाली आणि तिने घोट घेतला.

दारादारांत माणसं येऊन उभी राहिली. कुणी चिडलं नाही, कुणी घाबरलं नाही. सगळी नुसती त्याच्याकडे बघत होती. तो एक पाऊल मागे सरकला.

भूमिकाने येऊन त्याचा हात धरला.

"भ्याचं नाही, काका," ती म्हणाली आणि त्याला नाल्याकडे नेऊ लागली.

काठाशी मासोळ्या दाटीने जमल्या होत्या. मधोमध त्यांनी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली होती.